एनएफएल २००७ चा तक्ता : कामाच्या नोंदी

७ जून

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचा, २००७ चा आख्खा मोसम एका शीटमध्ये बसवायचा, त्यातून गुणतक्ता, बरोबरी सोडवण्याचे निकष आणि संघांची ताकद काढायची, आणि शेवटी मोठ्या कागदावर मराठीत छापून बेसमेंटच्या भिंतीवर लावायचा, असं काम हाती घेतलंय. दुसऱ्या एखाद्या मोसमाचं कुणाला असंच करायचं असेल तर त्याचे शनिवार वाचावेत म्हणून या नोंदी.

२००७ च का? आम्ही न्यू जर्सीत राहतो. जायंट्स नावाने न्यूयॉर्कचे, पण खेळतात इथे, ईस्ट रदरफर्डला. त्या मोसमात न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले, प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेरीचे) दोन जिंकले आणि ३ फेब्रुवारी २००८ ला ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जायंट्सकडून १७-१४ असे हरले. जायंट्स साखळीत १०-६ होते (दहा विजय, सहा पराभव). रविवारी आमच्याकडे सामना बघायला जमणाऱ्या मंडळींत यावरून कायमचे दोन तट आहेत. बॉस्टनहून इकडे आलेला एक मित्र म्हणतो, "मटका लागला तुम्हाला, दुसरं काय!" बाकीच्यांचं म्हणणं, पेट्रियट्स नोव्हेंबरपासूनच घसरत होते, फक्त कुणी बघत नव्हतं. एकदा आकडे मांडूनच बघू असं मी म्हणालो, आणि म्हणणाऱ्याच्याच गळ्यात काम पडलं.

सुरुवातीलाच एक आकडा कागदावर लिहून ठेवा. ३२ संघ, १७ आठवडे, प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी (तिला इथे बाय म्हणतात). म्हणजे प्रत्येकी १६ सामने, एकूण २५६. पुढे प्लेऑफचे ११. हा २५६ पुढे वारंवार कामी येतो.

९ जून

संघांची नावं हाताने टाइप करायची नाहीत, ड्रॉपडाउन करायचा, इथपर्यंत शहाणपणा होता. पण यादी आजच्या संघांची घेतली आणि तिथे घसरलो. २००७ मध्ये चार्जर्स सॅन डिएगोत होते, रॅम्स सेंट लुइसमध्ये, रेडर्स ओकलंडला. वॉशिंग्टनच्या संघाचं तर नावच आता वेगळं आहे. निकालांच्या जुन्या यादीतली नावं आणि माझा ड्रॉपडाउन जुळेनात, आणि न जुळलेले सामने फॉर्म्युला मुकाट्याने सोडून देत होता. लाल खूण नाही, काही नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक संघाला शहराशी संबंध नसलेला दोन-तीन अक्षरी संकेत द्या (पेट, जायं, ब्राउ, टाय) आणि छापायचं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. शहर बदललं तरी संकेत तोच राहतो. एक संध्याकाळ गेली.

१४ जून

तारखांनी छळलं.

निकाल अमेरिकन पद्धतीने लिहिलेले, आधी महिना मग दिवस. माझ्या शीटची भाषा मराठी ठेवलेली, त्यामुळे ती आधी दिवस वाचते. पेट्रियट्सचा बेंगल्सविरुद्धचा सामना १ ऑक्टोबरला झाला, तो १०/१. शीटने वाचलं १० जानेवारी. कोल्ट्सविरुद्धचा ४ नोव्हेंबरचा सामना ११ एप्रिलला गेला, रेव्हन्सविरुद्धचा ३ डिसेंबरचा १२ मार्चला. १६ सप्टेंबर म्हणजे ९/१६. सोळावा महिना नसल्याने ती तारीखच राहिली नाही, नुसता मजकूर झाला. सॉर्ट केल्यावर मोसम जानेवारीत सुरू झाला आणि निम्मे सामने तळाला गोळा झाले. लेक मागून बघत होती. म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये कोण फुटबॉल खेळतं?" तेव्हा लक्षात आलं.

तारीख एका सेलमध्ये लिहूच नका. वर्ष, महिना, दिवस असे तीन कॉलम ठेवा आणि तारीख त्यांच्यावरून बनवा. शिवाय 'मोसम' आणि 'आठवडा' असे दोन कॉलम वेगळे हवेत, कारण प्लेऑफ २००८ च्या जानेवारीत आहेत पण मोसम २००७ चाच. आठवडा तारखेवरून काढायला जाऊ नका. गुरुवार, शनिवार, रविवार, सोमवार असे चारही वारी सामने आहेत.

(तारखा दुरुस्त करताना २४ सप्टेंबर २००७ समोर आली. सोमवार, तिसरा आठवडा, टायटन्सनी सेंट्सना ३१-१४ हरवलं. त्या दिवशी आपलं सगळं लक्ष जोहान्सबर्गला, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याकडे. टायटन्स-सेंट्सचा सामना झाल्याचं आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.)

१५ जून

एका सामन्याची एक ओळ ठेवावी की दोन? एक ओळ ठेवली तर नोंद सोपी, पण एका संघाचं काहीही काढायचं तर दोन कॉलम धुंडाळावे लागतात. शेवटी दोन शीट केल्या. पहिलीत २५६ ओळी हाताने भरलेल्या, दुसरीत त्याच सामन्यांच्या प्रत्येक संघाच्या बाजूने ५१२ ओळी, त्या फॉर्म्युल्याने येतात. दुसऱ्या शीटला हात लावायचा नाही.

वर तपासणीच्या तीन ओळी: एकूण विजय २५६ आहेत का, एकूण पराभव २५६ आहेत का, केलेल्या गुणांची बेरीज आणि दिलेल्या गुणांची बेरीज सारखी आहे का. तिन्ही हिरव्या असल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. माझ्या दोन लाल होत्या.

२१ जून

लाल असण्याचं कारण सापडलं, आणि उपायाने ते आणखी बिघडलं.

बायच्या आठवड्यात गुणांचे सेल रिकामे होते. रिकामा सेल म्हणजे शून्य असं फॉर्म्युल्याने धरलं, आणि पेट्रियट्सचा दहाव्या आठवड्यात कुणाशीच नसलेला सामना ०-० बरोबरीत सुटला. मी फिल्टर लावला: गुणात शून्य असेल ती ओळ वगळा. बरोबऱ्या गेल्या. पण विजय २५६ पेक्षा कमी झाले आणि ब्राउन्स ९-६ दिसायला लागले.

कारण खरेखुरे शून्यही आहेत. २६ नोव्हेंबरला पिट्सबर्गला स्टीलर्स आणि डॉल्फिन्स असे चिखलात खेळले की सामना संपायला १७ सेकंद असेपर्यंत ०-० होता. मग एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण) झाला आणि निकाल ३-०. त्या सामन्यात उंच मारलेला बॉल टप्पा न घेता मैदानात रुतून बसला होता. क्लिप मिळाली तर जरूर बघा. १६ डिसेंबरला क्लीव्हलंडला बर्फात ब्राउन्सनी बिल्सना ८-० हरवलं, टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) एकही नाही. माझ्या फिल्टरने हे दोन्ही सामने गिळले होते. पॅकर्सनी वायकिंग्जना ३४-० हरवलेला सामनाही त्यांच्यासोबत गेला होता.

बायच्या जागी 'बाय' हा शब्द लिहायचा. रिकामं काहीही ठेवायचं नाही, शून्याला हात लावायचा नाही. तिन्ही तपासण्या हिरव्या झाल्या. पेट्रियट्स १६-०, केलेले गुण ५८९, दिलेले २७४. जायंट्स १०-६, ३७३ आणि ३५१. प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहिलं, जुळले.

२२ जून

'शेरा' हा कॉलम वाढवला. पहिल्याच आठवड्यात पेट्रियट्सच्या माणसाने जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खाणाखुणा कॅमेऱ्यात टिपल्याचं प्रकरण आहे. मुख्य प्रशिक्षक बेलिचिकना ५ लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख आणि नव्या खेळाडूंच्या पुढच्या निवडीतली पहिल्या फेरीची संधी गेली. त्या सामन्यापुढे चांदणी काढायची का, यावर फोनवर अर्धा तास वाद झाला. चांदणी काढली नाही. शेरा लिहिला.

२८ जून

बरोबरी सोडवण्याचे निकष. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच आली.

आपण क्रिकेटवाले. दोन संघांचे गुण सारखे झाले की नेट रन रेट काढायला धावतो. इथे गुणांचा फरक हा निकष खूप खाली आहे, तिथवर पाळी क्वचितच येते. कुणाला हरवलंत याला आधी मान. शिवाय निकषांच्या याद्या दोन आहेत, आणि हे मी वाचूनही डोक्यात घेतलं नव्हतं. एकाच डिव्हिजनमधल्या (चार संघांच्या गटातल्या) दोन संघांत बरोबरी असेल तर क्रम असा: आपापसातले सामने, डिव्हिजनमधली कामगिरी, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, मग कॉन्फरन्समधली (अशा चार डिव्हिजन मिळून झालेल्या अर्ध्या लीगमधली) कामगिरी. वाइल्ड कार्डसाठी (डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफमध्ये मिळणाऱ्या जागेसाठी) वेगवेगळ्या डिव्हिजनमधले संघ असतील तर आपापसातला सामना (झाला असेल तर), मग कॉन्फरन्स, आणि नंतर समान प्रतिस्पर्धी, तेही किमान चार सामने असतील तरच. म्हणजे शेवटचे दोन निकष उलटसुलट.

मी दोन्हीकडे एकच क्रम लावला होता. निकाल तरीही बरोबर येत होता! २००७ मध्ये या फरकाने काही बिघडलं नाही, म्हणून तपासणीत पकडलंच गेलं नाही. नियम पुन्हा वाचताना दिसलं. तुमच्या मोसमात कदाचित बिघडेल, तेव्हा दोन क्रम पहिल्यापासून वेगळे ठेवा.

५ जुलै

ब्राउन्सची गोष्ट वेगळी लिहितो, कारण शीट नीट चालते की नाही हे मी हिच्यावर ताडून पाहिलं.

क्लीव्हलंड ब्राउन्स १०-६. स्टीलर्सही १०-६, दोघे एकाच डिव्हिजनमध्ये. आपापसातले दोन्ही सामने स्टीलर्सनी जिंकले, ३४-७ आणि ३१-२८. डिव्हिजन गेली. आता वाइल्ड कार्डची शेवटची जागा. तिथे टेनेसी टायटन्स, तेही १०-६. दोघांचा आपापसात सामना झालेला नाही. कॉन्फरन्समध्ये दोघेही ७-५. राहिले समान प्रतिस्पर्धी: बेंगल्स, जेट्स, टेक्सन्स आणि रेडर्स. टायटन्स यांच्याविरुद्ध ४-१, ब्राउन्स ३-२. टायटन्स प्लेऑफमध्ये, ब्राउन्स घरी.

ते दोन पराभव कुठले, हे शीटने एका फिल्टरमध्ये दाखवलं. एक डिसेंबरमध्ये बेंगल्सकडून, १९-१४. दुसरा २३ सप्टेंबरला ओकलंडला रेडर्सकडून, २६-२४. या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणी ब्राउन्सच्या फिल डॉसनची किक खांबांमधून गेली होती. पण किक मारण्याच्या निमिषभर आधी रेडर्सच्या प्रशिक्षकाने टाइमआउट घेतलेला. किक पुन्हा मारायला लावली, ती अडवली गेली. युक्ती रेडर्सची स्वतःची नव्हे. आदल्याच रविवारी डेन्व्हरने ती त्यांच्यावर वापरून त्यांना हरवलं होतं, आठवडाभरात त्यांनी ती दुसऱ्यावर वापरली.

मी तो निकाल शीटमध्ये उलटा करून पाहिला. ब्राउन्स ११-५ होतात, आणि वाइल्ड कार्ड सोडाच, डिव्हिजनच त्यांची होते. तिसऱ्या आठवड्यातली एक किक. काम पूर्ण झालं की अशी एक 'उलटा करून बघा' शीट जरूर करा, मूळ नोंदींची प्रत काढून. मूळ नोंदीतच निकाल उलटा केलात तर परत फिरवायला विसराल. मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी टायटन्स कुठे गेले म्हणून शोधत बसलो.

एक आणखी. टायटन्सना ही जागा मिळवायला शेवटचा सामना जिंकणं भाग होतं. तो होता कोल्ट्सशी, आणि कोल्ट्सचं स्थान आधीच पक्कं झाल्याने त्यांनी मुख्य खेळाडूंना लवकर बाहेर बसवलं. टायटन्स १६-१० जिंकले. शीटला हा विजय आणि कोल्ट्सच्या पूर्ण ताकदीवर मिळवलेला विजय सारखेच. शेऱ्यात लिहिलंय, याहून जास्त काही करता आलं नाही.

१२ जुलै

आता ताकद मोजायची. त्याआधी घरच्या मैदानाचा हिशेब. त्या काळात घरच्या संघाला अडीच-तीन गुणांचा फायदा धरत, मी अडीच धरला.

अडचण पहिली. ७ ऑक्टोबरला जायंट्स विरुद्ध जेट्स. यजमान जायंट्स, पाहुणे जेट्स, पण दोघांचं मैदान एकच! जेट्सनी प्रवास काय केला असेल तर दुसऱ्या ड्रेसिंग रूमपर्यंत. प्रेक्षकांत जायंट्सचे सीझन तिकीटवाले, म्हणून थोडा फायदा असेलही. मी शून्य धरला.

दुसरी. २८ ऑक्टोबरला जायंट्स विरुद्ध डॉल्फिन्स, कागदावर यजमान मायामी, प्रत्यक्षात सामना लंडनला वेम्बलीवर. उत्तर अमेरिकेबाहेर झालेला हा साखळीतला पहिला सामना. जायंट्स १३-१० जिंकले. इथेही शून्य.

म्हणून 'घर' या कॉलममध्ये हो-नाही न लिहिता तीन पर्याय ठेवा: यजमान, पाहुणे, तटस्थ. सुपर बोललाही तोच लागतो.

हे करताना जे दिसलं ते मी तरी विसरलो होतो. जायंट्स घरी ३-५ आणि बाहेर ७-१. बाहेरचा एकमेव पराभव पहिल्याच सामन्यात, डॅलसला. मग प्लेऑफमध्ये टँपा, डॅलस आणि ग्रीन बे अशी तिन्ही मैदानं परक्यांची, तीही जिंकली. म्हणजे परक्या मैदानावर लागोपाठ दहा. घरच्या मैदानाचा फायदा ज्यांना तोट्यात जात होता असा संघ मी नेमका निवडला होता. अडीच गुण सरासरी म्हणून ठीक आहेत, या संघाला लावले की हसू येतं.

१९ जुलै

ताकद काढायची साधी रीत: संघाच्या दर सामन्याचा सरासरी फरक, अधिक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ताकद. पण प्रतिस्पर्ध्यांची ताकद त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर, आणि फिरून ती आपल्यावरच. शीटने 'फॉर्म्युला स्वतःकडेच परत येतोय' म्हणून तक्रार केली. सेटिंगमध्ये असं फिरणं चालू करायची सोय आहे. ती वापरली आणि एक चुकीचा सेल दुरुस्त केल्यावर सगळे आकडे विचित्र झाले ते झालेच, मागे येईनात. सोय बंद केली.

चाललं ते असं: पहिल्या कॉलममध्ये नुसता सरासरी फरक. दुसऱ्यात तोच फरक, अधिक प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या कॉलमची सरासरी. तिसऱ्यात पुन्हा तोच फरक, अधिक दुसऱ्या कॉलमची. असं उजवीकडे ओढत न्यायचं, आकडे हलायचे थांबेपर्यंत. दिसायला ओबडधोबड, पण कुठे चुकलं ते दिसतं.

पेट्रियट्सचा फरक ३१५, म्हणजे सामन्यामागे १९.७. किती कॉलम ओढले तरी ते पहिले, आणि दुसऱ्यापासून लांब. जायंट्सचा फरक २२, सामन्यामागे १.४.

जायंट्सच्या प्रतिस्पर्ध्यांचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. सोळा सामन्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांच्या मोसमी फरकांची बेरीज (डिव्हिजनमधले दोनदा धरून) येते +१२२. बरा कार्यक्रम होता म्हणायचं. पण त्यात एकट्या पेट्रियट्सचे +३१५ आहेत. ते काढले की उरतात -१९३. म्हणजे जायंट्सचा कार्यक्रम अवघड दिसतो तो एका सामन्यामुळे, तोही हरलेल्या. मित्राला हे सांगू नये असं वाटत होतं. सांगितलं.

त्याने लगेच दुसरं मागितलं: केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून 'किती सामने जिंकायला हवे होते' हे काढायचं सूत्र (बेसबॉलवाल्यांचं, फुटबॉलला घातांक २.३७ घेतात). पेट्रियट्स १३.८, जायंट्स ८.६. दोघांनाही पदरी पडलं ते जास्तच, पण जायंट्स या हिशेबाने मध्यम संघ. मटका पक्ष खूश.

२६ जुलै

आज आलेख काढला आणि आमचा पक्ष खूश झाला.

पेट्रियट्सचे फरक क्रमाने लावले. पहिले आठ: २४, २४, ३१, २१, १७, २१, २१, ४५. बेरीज २०४, सरासरी २५.५. पुढचे आठ: ४, ४६, ३, ३, २१, १०, २१, ३. बेरीज १११, सरासरी १३.९. जवळजवळ निम्मी. आणि त्यातला बफेलोचा ५६-१० वगळला तर उरलेल्या सातांची ९.३. कोल्ट्सशी चार गुणांनी, ईगल्सशी तीन, रेव्हन्सशी तीन, जायंट्सशी तीन. १९.७ ही सरासरी खरी, पण त्या आकड्याचा संघ नोव्हेंबरनंतर मैदानात फारसा उतरलाच नाही.

२९ डिसेंबरचा तो जायंट्सविरुद्धचा सामना मी पुन्हा अख्खा बघितला. निकालाने कुणाचंच स्थान बदलणार नव्हतं. तरी प्रशिक्षक कॉफलिननी जायंट्सचे मुख्य खेळाडू बसवले नाहीत. तिसऱ्या सत्रात जायंट्स २८-१६ पुढे होते. मग पेट्रियट्सच्या ब्रेडीने मॉसला ६५ यार्डांचा टचडाऊन पास दिला. ब्रेडीचा पन्नासावा आणि मॉसचा तेविसावा, दोघांचेही विक्रम एकाच चेंडूवर. ३८-३५.

आलेख ग्रुपवर टाकला. जरा गर्वानेच टाकला.

२७ जुलै

मित्राचा रात्रीच निरोप: "जायंट्सचाही काढ की असाच."

काढला. पहिले आठ: -१०, -२२, ७, १३, ११, २१, १८, ३. बेरीज +४१. पुढचे आठ: -११, ६, -२४, ५, ३, -१२, १७, -३. बेरीज -१९.

म्हणजे घसरत होते ते दोघेही. आख्ख्या मोसमाच्या सरासरीने दोघांत अंतर १८.३ गुणांचं, नुसत्या उत्तरार्धाच्या सरासरीने १६.३. आमच्या लाडक्या घसरणीने अंतर कमी झालं ते दोन गुणांनी. सट्टेबाजांनी सुपर बोलसाठी पेट्रियट्सना साधारण बारा गुणांची आघाडी दिली होती, म्हणजे माझ्या शीटपेक्षा त्यांना जास्त समजत होतं. त्यात नवल नाही, पैसा त्यांचा होता.

आलेख खोटा नाही. पण एकाच संघाचा आलेख काढून दोघांमधल्या सामन्याबद्दल बोलता येत नाही. पुढे कुणी करणार असाल तर आलेखाच्या शीटमध्ये दोन संघ निवडल्याशिवाय रेघच उमटू नये अशी सोय करा. मी केली आता.

९ ऑगस्ट

मध्ये घरी पाहुणे होते, काम बंद.

गुणांच्या शीटमधून आणखी काही निघणार नाही हे मान्य करून सॅक मोजायला घेतले. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातातून बॉल सुटायच्या आत त्यालाच आडवा करणं. त्या मोसमात सर्वांत जास्त सॅक जायंट्सचे, ५३. त्यातले बारा एकट्या ईगल्सविरुद्धच्या सामन्यात, आणि त्या बारांतले सहा एकट्या उमेन्योराचे. पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकला साखळीत सगळे मिळून २१ वेळाच पाडलं गेलं. सुपर बोलमध्ये एका रात्रीत ब्रेडी पाच वेळा पडला. साखळीत सामन्याला ३६.८ गुण करणारा संघ त्या रात्री १४ वर थांबला.

हा कॉलम गुणांसारखा झटपट भरत नाही. प्रत्येक सामन्याचा तपशील वेगळा उघडावा लागतो. मी फक्त दोन संघांचे भरले आणि थांबलो. ३२ संघांचे भरायचे तर शाळेची सुट्टी आणि दोन मुलं हवीत. माझ्याकडे एक आहे आणि तिने तासाला दहा डॉलर सांगितले.

मित्राचं उत्तर: "आणि टायरीने हेल्मेटवर दाबून धरलेला बॉल कुठल्या कॉलममध्ये?" सुपर बोलमधला जायंट्सच्या टायरीचा तो झेल: ३२ यार्ड, जायंट्स चार गुणांनी मागे, सामना संपायला जेमतेम मिनिट. त्यानंतर ३५ सेकंद राहिले असताना बरेसचा टचडाऊन. खरंय. तो कॉलम नाही.

१६ ऑगस्ट

छपाई. तीन फूट रुंद कागद, ३८ डॉलर. पहिली प्रत वाया गेली. शीटवर नीट दिसणारी जोडाक्षरं दुकानातल्या मशीनवर फुटली: 'पेट्रियट्स'चे पाय मोडले, 'क्लीव्हलंड'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. फॉन्ट फाइलमध्ये गेलाच नव्हता. दुकानदाराला मराठी येत नाही, त्याला वाटलं असंच असतं. पैसे परत मागण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्यांदा आधी घरच्या प्रिंटरवर एक कोपरा छापून बघितला, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ केली, तीही नको म्हणून सरळ मोठ्या आकाराचं चित्र केलं आणि ते दिलं. एकूण ७६ डॉलर. आकडेही देवनागरीत छापायचे असतील तर ५ आणि ६ नीट बघा, लहान आकारात पुसट छपाईला ते एकमेकांसारखे दिसतात. गुण आठ पॉइंटात होते, बारा केले.

३० ऑगस्ट

भिंतीवर लागला. हीच शीट २००८ साठी वापरायला घेतली. आठवडे, बाय, संघ सगळं तेच, त्यामुळे काम झपाट्याने झालं. तपासणीत विजय २५५ आले.

एक सामना कमी पडलेला नाही. १६ नोव्हेंबर २००८, सिनसिनाटी, ईगल्स विरुद्ध बेंगल्स, जादा वेळेनंतरही १३-१३. २००७ मध्ये बरोबरीचा सामना एकही नसल्याने माझ्या फॉर्म्युल्यात 'जिंकला नाही म्हणजे हरला' असं धरलं होतं, दोघांनाही पराभव मिळाला. (ईगल्सचा क्वार्टरबॅक मॅकनॅब सामन्यानंतर म्हणाला होता की साखळी सामना असा बरोबरीत सुटू शकतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.) आता तीन निकाल ठेवलेत, आणि क्रमवारी विजयांवर न लावता टक्केवारीवर, बरोबरीला अर्धा विजय धरून. ईगल्स ९-६-१ म्हणजे ०.५९४, ९-७ वाल्या काउबॉइज आणि बकनियर्सच्या ०.५६३ पेक्षा पुढे, आणि वाइल्ड कार्ड त्यांचं. जुळलं. पेट्रियट्स आणि डॉल्फिन्स दोघे ११-५, डिव्हिजन डॉल्फिन्सकडे, तेही जुळलं. तपासणीची ओळ आता 'विजय अधिक बरोबरीचे सामने बरोबर २५६' अशी आहे. २००७ च्या शीटमध्येही तशीच बदलून ठेवली आहे.